गोदाक्काचं सुतक

साडेसातच्या मालिकेत गोदाक्कानं मान टाकली आणि त्याच घटकेला लाईट गेली.

भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, पण ते पाळायचं बंधन बहुतेक पेपर वाचणाऱ्यांवरच होतं. लाईट आपली मनाला येईल तेव्हा जायची. आजवर ती जाहिरातीत गेली होती, भांडणात गेली होती, एकदा तर ऐन मंगलाष्टकात गेली होती. पण अशी मयताच्या तोंडावर कधी गेली नव्हती. अंधारात भिंतीपलीकडून बिल्किस आपाचा हुंदका ऐकू आला, आणि त्याच्या पाठोपाठ चतुराबाईनं जो गळा काढला, तो ऐकून रामकिसन न्हाणीतून अर्ध्या अंगाला साबण तसाच ठेवून धावत आला.

"काय झालं माय? कोन गेलं?"

"गोदाक्का गेली रे!"

रामकिसननं भराभर भावकी आठवून पाहिली. शहागंजात पंधरा वर्षं दोर आणि ताडपत्र्या विकून त्याला गिऱ्हाइकांची नावं पाठ होती, नात्यातल्या म्हाताऱ्यांची नव्हती. मग ध्यानात आलं तसं त्यानं कमरेचा पंचा घट्ट केला.

"टीव्हीतली गोदाक्का?"

"टीव्हीतली म्हंजे? टीव्हीतल्या मान्साला जीव नसतो व्हय?"

आशाबाईनं मेणबत्ती लावली. पोरगी चंद्रकला भिंतीकडं तोंड करून बसली होती. ती रडत होती की हसत होती ते सासू-सुनेला कळलं नाही, आणि कळून घ्यायची ती वेळही नव्हती. त्या संध्याकाळी चतुराबाईनं ताट परत केलं.

पुढं कधी विषय निघाला की चतुराबाई शपथेवर सांगायची, "मी आधी काय बी योजलं नव्हतं." ते खरंच होतं. योजलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, कडूबाच्या किटलीचा आवाज ऐकल्यावर.

कडूबा करमाडहून रोज दूध घेऊन यायचा आणि या घरी बसून चहा पिऊन जायचा. त्या मंगळवारी तो पायरीवर टेकला तरी आतून कपबशी वाजेना. चूल गार होती. चतुराबाई डोक्यावरून न्हाऊन उंबऱ्याच्या आत घोंगडीवर बसली होती.

"आज च्या नाय कडूबा. घरात सुतक हाय."

कडूबानं टोपी काढली. "अरारा. कोन गेलं?"

"घरातलंच म्हन. रोज संध्याकाळी याचं मानूस."

"वय झालं व्हतं?"

"नाय रं. चांगली ठसठशीत व्हती." इथं चतुराबाईचा आवाज खराच भरून आला.

"गावात कुनाला निरोप द्यायचा?"

"मी कशाला निरोप देऊ? ज्याला कळंल त्याला कळंल." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुझं घर भागूबाईच्या शेजारीच ना अजून?"

"भिंतीला भिंत."

"असू दे. मी आपलं इचारलं."

कडूबा गेला. चतुराबाईनं देवघराकडं पाहिलं. सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून देव कालच्याच फुलांत बसले होते. "हे खरं हाय का खोटं, मला बी धड ठाव नाय," ती त्यांना म्हणाली. "पर आता तोंडातून गेलंय. तुमीच बघा."

आठ वाजता सगळं घर जागं झालं आणि सुतकाची बातमी ऐकून एकाच वेळी बोलायला लागलं. कारण उद्या बुधवारी चंद्रकलाची सुपारी होती. सिल्लोडचे पुंजाराम, त्यांची बायको, आई, मुलगा आणि भावकीतले पंधराएक जण दहाच्या ठोक्याला दारात येणार होते. स्थळ चांगलं होतं, मुलगा मास्तर होता, आणि मुख्य म्हणजे चंद्रकलाला तो आवडला होता. ही शेवटची गोष्ट घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे, पण आचारी ठरवताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"माय, ती बाई नटी हाय," रामकिसन हात जोडून म्हणाला. "ती आता ममईत नाष्टा करत असंल."

"आन् कीर्तनात बुवांनी कथा लावली की तू धोतराच्या सोग्यानं डोळं पुसतो, त्यातलं कोन तुझ्या चुलत्यात लागतं?"

"तो देव-धरम हाय."

"मंग हे काय चोरीचा माल हाय?"

रामकिसननं फोन उचलून जोशी व्यंकटरावांना लावला. व्यंकटराव त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्यांची लग्नं आणि तेरावे बघत आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "शास्त्रात टीव्ही नाही रामकिसनराव. त्यामुळे सुतक आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही." मग आवाज हळू करून म्हणाले, "पण गेली कशानं हो? आमच्याकडंही लाईट गेली."

तेवढ्यात चतुराबाईनं उठून टीव्हीवर मालकांचं जुनं पांढरं धोतर टाकलं आणि त्याच्यापुढं पिठाच्या ढिगावर दिवा ठेवला. तीन दिवस टीव्ही लावायचा नाही, असं बजावून ती परत घोंगडीवर जाऊन बसली.

धाकटा काकासाहेब रात्रपाळीहून शेंद्र्याच्या कंपनीतून आला, त्यानं टीव्ही पाहिला, मग आईकडं पाहिलं. सगळ्यांत तोच कमी बोलायचा. "वहिनी," त्यानं आशाबाईला विचारलं, "कडूबा येऊन गेला का?"

"गेला की. बिनच्याचा."

काकासाहेब हसला नाही. पण आंघोळीला जाताना त्यानं शीळ घातली. सुतकाच्या घरात.

चतुराबाईनं ती शीळ ऐकली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. या पोराला सगळं कळायचं. कळणारच. तो जन्मला तेव्हा ती विषमज्वरानं दोन महिने अंथरुणाला खिळली होती, आणि त्याला शेळीच्या दुधाच्या बोळ्यावर जगवलं होतं तिच्या धाकट्या जावेनं, भागूबाईनं. भागूबाईला पोरबाळ नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवराही गेला. पुढं काकासाहेब आईला माय म्हणायचा आणि काकीच्या कुशीत झोपायचा. आणि त्याच काकासाहेबाच्या लग्नात, अकरा वर्षांपूर्वी, नवरदेव औक्षणाला पाटावर बसला तेव्हा भागूबाईनं आनंदाच्या भरात ताट उचललं, आणि चतुराबाई भरल्या मांडवात म्हणाली होती, "भागूबाई, ताट ठेव. मागं सर."

भागूबाईनं ताट ठेवलं होतं. ती मागं सरली ती थेट करमाडपर्यंत.

तेव्हापासून एक शब्द नाही. मधे चार वर्षांपूर्वी चतुराबाईचे मालक गेले, तेव्हा तिरडी उचलायच्या आत भागूबाई दारात हजर होती. आपल्या चुलीवरचं पिठलं आणि भाकरी फडक्यात बांधून आणली होती. तीन दिवस तिनं चतुराबाईच्या तोंडात घास घातले. बोलली मात्र नाही. तेराव्याच्या दुपारी एसटीत बसून गेली. म्हणजे मरणाला ती येत होती, न बोलावता येत होती. बोलवावं लागतं ते सुपारीला. आणि बोलवायला जीभ उचलावी लागते.

मागच्याच आठवड्यात काकासाहेबानं विचारलं होतं, "काकीला सांगायला मी जाऊ का?" तेव्हा चतुराबाई फणकारली होती, "जा, आन् येताना तिचं पाय धुतलेलं पानी घेऊन ये, मी पिते." काकासाहेब गेला नाही. पण त्याच दुपारी चतुराबाई चंद्रकलाला घेऊन शहागंजात गेली आणि एक हिरवं नऊवारी घेऊन आली. हिरवंगार. "कुनाला गं आजी?" पोरीनं विचारलं. "मला मेल्यावर नेसवायला," म्हणून म्हातारीनं ते पेटीच्या तळाशी दाबलं होतं.

ती मालिका लागली नसती, तर हे लुगडं पेटीत नसतं. गोदाक्का म्हणजे त्या मालिकेतली विधवा धाकटी जाऊ. थोरली तिला छळ छळ छळायची. एका भागात घरच्या लग्नात थोरलीनं गोदाक्काला चारचौघांत मागं सारलं, तेव्हा चतुराबाईनं टीव्हीकडं अडकित्ता उगारला होता. "हिच्या जिभेला किडं पडतील! कसली ही बाई! हिला देव नाय का धरम नाय!"

चंद्रकला शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, काकाच्या लग्नात बी असंच झालं व्हतं ना?"

पोर तेव्हा दहा वर्षांची होती. एवढं ध्यानात ठेवलं कार्टीनं. चतुराबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. चाळीस वर्षं कीर्तनं ऐकली, सप्ताह केले, बुवांनी दया क्षमा शांती घसा फुटेपर्यंत सांगितली, पण एकाही बुवानं तिच्याकडं बोट करून सांगितलं नव्हतं, की बाई, ती तू. सगळे बुवा तिच्या घरचं जेवून जायचे. या खोक्यानं मात्र तिच्या घरचं काही खाल्लं नव्हतं. त्या रात्रीपासून ती गोदाक्काकडं पाहताना जरा पदर सावरून बसायची.

आणि आता ती मेली होती. थोरलीनं एक शब्द बोलायच्या आत.

दुपारपर्यंत दारावर बसायला माणसं यायला लागली. आधी बिल्किस आपा आली, झाकल्या वाटीत शिरखुर्म्याच्या उरल्या खारका घेऊन. "क्या औरत थी, चतुराबाई," तिनं डोळे पुसले. "हमारे घर में बी कल रात किसी ने रोटी नै खाई. मेरे मियाँ बोले, पगली हो गई क्या. मैं बोली, तुम मरे तो बी इत्ताच रोऊँगी, फिकर नक्को करो." तिच्या मागून गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. रामकिसन दुकान सोडून ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. आचारी विचारायला आला, की बुंदी पाडायची का थांबायचं. "थांब," रामकिसन म्हणाला. मग म्हणाला, "पाड." मग म्हणाला, "आईला इचार."

दोनच्या सुमाराला रिक्षा थांबली आणि भागूबाई उतरली.

काळ्या काठाचं लुगडं, रिकामं कपाळ, हातात फडक्याची गाठोडी. तिनं दारात पाय धुवायला पाणी मागितलं. आशाबाईनं तांब्या पुढं केला आणि नवऱ्याकडं पाहिलं, कारण आता या बाईला कोण सांगणार होतं, की घरात कुणीही मेलेलं नाही? चार वर्षांनी दारात आलेल्या माणसाला? रामकिसन खांबामागं झाला. काकासाहेब पुढं आला आणि पाया पडला.

भागूबाई आत आली. तिनं एकवार घर पाहिलं, धोतर नेसलेला टीव्ही पाहिला, पिठावरचा दिवा पाहिला. मग चतुराबाईच्या पुढ्यात बसून तिनं गाठोडी सोडली. पिठलं अजून कोमट होतं. तिनं भाकरी मोडली, घास केला आणि पुढं धरला.

"खा."

चतुराबाईनं खाल्लं. कालपासून उपाशीच होती. दुसरा घास खाल्ला. तिसरा खाताना तिला राहवलं नाही.

"पिठल्यात मीठ कमी हाय."

"मुद्दाम कमी घातलं. म्हनलं, तुमच्या डोळ्यांतून पडंलच."

कोपऱ्यात चंद्रकलानं ओढणी तोंडात कोंबली. चतुराबाईनं चौथा घास हातातच धरला. भागूबाई शांतपणे भाकरी मोडत होती.

"जाऊबाई, टीव्हीला धोतर कामून नेसवलं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. चतुराबाईनं हनुवटी वर केली. मान खाली घालायची तिला सवय नव्हती. "गोदाक्का गेली म्हनून."

"कोन म्हन्तं?"

"कोन म्हन्तं काय? मी या डोळ्यानं पाहिलं. मान टाकली तिनं."

"तुमची लाईट कवा गेली?"

"मान टाकली आन् गेली."

"आमच्या करमाडात व्हती," भागूबाई म्हणाली. "मान टाकली, मंग साबनाची जाहिरात लागली, मंग चहाची लागली. आन् त्याच्यानंतर थोरलीनं येऊन तिचं पाय धरलं, तशी तिनं डोळं उघडलं."

दारात बसलेली बिल्किस आपा "या अल्ला!" म्हणून उठून उभी राहिली. रामकिसन खांबामागून बाहेर आला आणि आचाऱ्याकडं वळून ओरडला, "पाड बुंदी!" पण चतुराबाईचं कुणाकडं लक्ष नव्हतं.

"थोरलीनं पाय धरलं?"

"लई वेळ धरलं."

"आन् मंग गोदाक्का काय म्हनली?"

"तिथंच सपलं. आज साडेसातला कळंल."

चतुराबाईनं हातातला घास परत फडक्यावर ठेवला. काहीतरी जुळत नव्हतं. मग जुळलं. "थांब. कडूबानं तुला काय सांगितलं?"

"म्हनला, घरचंच मानूस गेलं. रोज संध्याकाळी याचं, ठसठशीत व्हती."

"मंग तुला तवाच कळलं?"

"रोज संध्याकाळी साडेसातला तुमच्या घरी दुसरं कोन येतं? तुमच्या सभावापायी भावकीतलं तर कुनी येत नाय."

"आन् ती जित्ती हाय ते बी ठाव व्हतं?"

"व्हतं."

"मंग हे पिठलं कशाचं?"

भागूबाईनं फडक्याच्या कडेला लागलेलं पीठ झटकलं. "कडूबा असं बी म्हनला, जाऊबाईंनी इचारलं, तुझं घर भागूबाईच्या शेजारीच ना अजून. अकरा वर्सांत माझ्या भिंतीची चौकशी कुनी केली नव्हती. म्हनलं, बोलावनं आलं."

"मी नव्हतं बोलावलं!"

"नसंल. मी आपली आले."

आशाबाई उगीचच चुलीकडं गेली. काकासाहेब छताकडं बघत होता. चतुराबाईनं घोंगडीवरून उठायचा प्रयत्न केला, गुडघा कटकन वाजला, ती परत बसली आणि म्हणाली, "एक सांगून ठेवते. ती थोरली काय बी करो. मी पाय-बीय धरनार नाय. मोठी हाय मी तुझ्यापरीस."

"कोन मागतंय? वाकला तर उठाल का? गुडघे धड हायेत का तुमचे?"

ते ऐकून आधी बिल्किस आपा हसली, मग चंद्रकला, मग सगळं घर. चतुराबाईनं सगळ्यांना शिव्या दिल्या. शिव्या संपल्यावर तिनं न्हाणीत जाऊन डोक्यावरून दोन तांबे घेतले, देवांना ताजी फुलं वाहिली, त्यांच्यापुढच्या अक्षता मुठीत घेतल्या, आणि आमंत्रण द्यायला परक्याच्या दारात उभं राहावं तशी भागूबाईच्या पुढ्यात उभी राहिली.

"उद्या चंद्रकलाची सुपारी हाय," ती म्हणाली. तिनं मूठ पुढं केली. "यायचं करा."

धाकट्या जावेला तिनं जन्मात पहिल्यांदा "करा" म्हटलं होतं. भागूबाईनं अक्षता घेतल्या आणि पदरात बांधल्या. टीव्हीवरचं धोतर काढलं गेलं, आणि साडेसातला सगळे त्याच्यापुढं दाटीवाटीनं बसले. गाणं वाजलं, नावं आली, गोदाक्काचे मिटलेले ओठ हलले, आणि लाईट गेली.

बुधवारी दहाला दोन जीपा आल्या. पुंजाराम पुढं, मुलगा त्याच्या मागं, बायका त्यांच्या मागं. आशाबाई नवी साडी नेसून ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. चतुराबाई रिवाजाप्रमाणं मागं, दाराआड. चार वर्षांपासून तिचीही जागा तिथंच होती. तिथून पाठी दिसतात, तोंडं दिसत नाहीत, हे तिला मालक गेल्यावरच कळलं होतं.

"आशा," ती मोठ्यानं म्हणाली, "ताट ठेव."

काकासाहेबाची मान गर्रकन वळली. ते शब्द त्यानं एकदा ऐकले होते. दारातले पाहुणे थबकले. चंद्रकला आतल्या खोलीच्या फटीतून बघत होती. तिनं दाराची कडी घट्ट धरली, कारण पंधरा अनोळखी माणसांपुढं आजी काय करेल याचा भरवसा तिच्या बापालाही नव्हता.

"भागूबाई, पुढं हो. ताट उचल."

हिरवं नऊवारी नेसलेली भागूबाई पुढं आली. सिल्लोडच्या बायकांत कुजबूज झाली. हिरवा रंग, उघडं कपाळ, हातात औक्षणाचं ताट. पुंजारामच्या बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं चपलांकडं. रामकिसन पुन्हा खांबामागं झाला.

"ह्या कोन?" पुंजारामनं विचारलं.

"माझी जाऊ," चतुराबाई दाराआडून बाहेर आली. "माझा धाकटा हिनं वाढवला. मी हिला एकदा मांडवात मागं सारलं व्हतं, ते माझं चुकलं. माझ्या नातीला हिच्याच हातची ववाळनी पायजे. तुमाला चालत नसंल तर बुंदी खाऊन जा, गरम हाय."

भागूबाईच्या हातातल्या निरांजनाची वात तेवढी हलत होती. मग घोळक्याच्या अगदी मागून, जीपेला टेकून उभी असलेली एक म्हातारी माणसं बाजूला करत पुढं आली. ती सरूबाई, पुंजारामची आई. तिचंही कपाळ मोकळं होतं. शुभकार्यात आपण पुढं दिसू नये म्हणून ती शेवटी उतरली होती. ती येऊन नातवाच्याही पुढं उभी राहिली, तिनं भागूबाईकडं खालून वर पाहिलं आणि ओवाळून घ्यायला मान पुढं केली.

निरांजन तिच्याभोवती फिरत असताना ती हळूच म्हणाली, "एक इचारू का? दोन दिसांपासून आमच्यात लाईट नाय. ती गोदाक्का मेली का हो?"

"मरती कशाला," भागूबाई म्हणाली. "थोरलीनं पाय धरलं, तशी उठून बसली."

"अगं बाई! आन् काय म्हनली थोरलीला?"

चतुराबाईनं जावेकडं पाहिलं. काल साडेसातला दोघी एकाच अंधारात बसल्या होत्या.

भागूबाईनं ताट खाली केलं नाही, पापणीही लववली नाही. "म्हनली, उठा आता. गुडघे धड हायेत का तुमचे?"

सरूबाईनं मान डोलावली. तिचे डोळे भरून आले. "लई मोठ्या मनाची बाई."

"लई," चतुराबाई म्हणाली, आणि हसू लपवायला पदर तोंडाशी नेऊन पाहुण्यांना आत या म्हणाली.